महिना सेकंदांत मोजू नका

प्रश्न : जावामध्ये मासिक हप्त्यांच्या तारखा काढतो. ३१ जानेवारी २०२४ नंतरचा हप्ता २९ फेब्रुवारीला येतो, हे ठीक. पण पुढचे सगळे २९ तारखेलाच का?

उत्तर : तुम्ही दर वेळी आधीच्या उत्तरात एक महिना मिळवता आहात. फेब्रुवारीत २९ आली, की मूळची ३१ कायमची हरवते. म्हणून मूळ तारखेतच एक, दोन, तीन महिने मिळवा. मार्चचा हप्ता ३१ लाच येईल. ३० दिवसांचे सेकंद मिळवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळा. जावातला ‘ड्युरेशन’ हा वर्ग सेकंद मोजतो, ‘पिरियड’ हा वर्ग वर्षं, महिने, दिवस. तुम्हाला दुसराच हवा. भारतात दिवस २४ तासांचाच असल्याने दिवस सेकंदांत मोजण्याची चूक लपून राहते. न्यूयॉर्कमध्ये मात्र घड्याळ तासाने पुढे केल्यामुळे १० मार्च २०२४ हा दिवस २३ तासांचा होता. आदल्या सकाळच्या ९ मध्ये २४ तास मिळवले, तर घड्याळात १० वाजलेले दिसतात.