केकवरच्या नक्षीचे रंग : भिंतीचे कोणते, पोटाचे कोणते?

मुलामुलींनो, हल्ली आपल्या वाढवणातसुद्धा वाढदिवसाला केक आणतात. वर गुलाबी फुले, हिरवी पाने, निळ्या अक्षरात नाव. केक खाऊन झाला की जीभ निळी होते आणि आपण ती एकमेकांना काढून दाखवतो! पण तो निळा रंग कशाचा, आणि पोटात गेलेला चालतो का, हे कोणी विचारत नाही. केकवर हाताने नक्षी काढायची तर रंग कोणते घ्यावेत, कसे मिसळावेत, ते या लेखात सांगते. शाळा पाहायला आलेल्या पालकांनीही जरूर वाचावे.

नक्षी म्हटली की आपल्या डहाणू-तलासरीत आधी वारली चित्र आठवते. लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात. भिंत शेणाने सारवायची, तिला गेरू द्यायचा. तांदूळ वाटून पाण्यात कालवला की पांढरा रंग तयार. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की झाला कुंचला. कलंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे कागदावर नि कापडावर काढली आणि ती परदेशापर्यंत गेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 साली त्यांचे निधन झाले.

हेच चित्र केकवर काढता येईल का? येईल, पण भिंतीचे रंग घेऊन नाही. गेरू ही माती आहे. तिच्यात लोखंडाच्या गंजासारखे द्रव्य असते, म्हणून ती तांबडी दिसते. ती काही खायची वस्तू नव्हे. तांदूळ आपण रोज खातो खरा, पण शिजवून. कच्च्या पिठाची पेज केकवर ओढू नये. चित्रकलेच्या तासाचे रंग, रांगोळी, रंगपंचमीचा रंग, कपड्याचा रंग, हे सगळे तर लांबच ठेवायचे. चमचाभरच घातला तर काय होते, असे कुणी म्हटले तरी ऐकायचे नाही.

आपल्या देशात खाण्यात घालायला फक्त आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. लाल तीन : पाँसो फोर आर, कार्मोइसिन, एरिथ्रोसिन. पिवळे दोन : टार्ट्राझिन आणि सनसेट यलो. (दुसरा नावाचा पिवळा, दिसायला नारिंगी!) निळे दोन : ब्रिलियंट ब्लू आणि इंडिगो कार्माइन. हिरवा एक : फास्ट ग्रीन. नावे अवघड आहेत, पण पाठ करायची गरज नाही. बाटलीवर छापलेली असतात, ती वाचायची. तेही किती घालायचे याला मर्यादा आहे. साधारणपणे एक किलो केकमध्ये 100 मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या चार-पाच दाण्यांच्या वजनाइतका रंग. एवढासाच!

मग परवानगी नसलेले रंग लोक का वापरतात? स्वस्त मिळतात आणि भडक दिसतात म्हणून. मेटॅनिल यलो आणि ऱ्होडामाइन बी हे कापड-कागद रंगवायचे रंग आहेत. जत्रेत मिळतात ते म्हातारीचे केस आठवा. 2024 च्या फेब्रुवारीत तामिळनाडूत त्यांच्यात ऱ्होडामाइन बी सापडला आणि तिथल्या सरकारने ती विक्री बंद केली. पुढच्याच महिन्यात कर्नाटकानेही रंगीत म्हातारीचे केस बंद केले. म्हणून सुटी पुडी, जिच्यावर नाव नाही, गाव नाही, ती केकसाठी घेऊच नये. डबीवर खाद्यरंग असे लिहिलेले, 14 आकडी परवाना क्रमांक आणि शेवटची तारीख पाहावी. पालकांनो, दुकानात घाई असते हे खरे, पण एवढे बघाच.

आता मिसळण्याकडे येऊ. त्या आठांत जांभळा, तपकिरी, काळा नाही, हे ध्यानात आले का? ते आपणच करायचे. चार थेंब पिवळ्यात एक थेंब निळा टाकला की पोपटी-हिरवा होतो. जांभळ्यासाठी गुलाबीकडे झुकणारा लाल हवा. शेंदरीकडे झुकणारा घेतला तर जांभळा न होता मळकट तपकिरी होतो. नारिंगीत निळ्याचा अगदी लहान थेंब घातला की गेरूसारखा रंग येतो! नेहमी फिक्या रंगात गडद रंग टाकायचा, आणि तोही काडीच्या टोकाने. गडदात फिका ओतत बसलात तर वाटी भरते पण रंग काही बदलत नाही. शिवाय रंग थोड्या वेळाने आणखी गडद होतो. म्हणून हवा त्याहून फिकाच करून थांबावे.

डबीतला रंग नको असेल तर स्वयंपाकघर आहेच. हळदीचा पिवळा, बिटाचा गुलाबी, पालकाचा हिरवा. गोकर्णाच्या निळ्या पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या की निळे पाणी होते. मलेशियात त्याने भात रंगवतात. पण फक्त पाकळ्या घ्यायच्या, बिया नाही, आणि त्याही मोठ्या माणसाला दाखवून. त्या पाण्यात लिंबू पिळले की ते जांभळे होते. हळदीची गंमत उलटी. तिला सोडा लागला की ती तांबडी होते. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात ते याच गुणावर. म्हणून सोडा जास्त झालेल्या केकच्या पिठात हळद घातली तर पिवळ्याऐवजी विटकरी केक निघतो. बिटाचा गुलाबी रंग भट्टीच्या उष्णतेने उडतो, तो भाजून झाल्यावर वरूनच लावावा.

मला विचाराल तर सात रंगांचा केक करूच नये. वारली चित्राला दोनच रंग पुरतात. एक वाटी पिठीसाखरेत दोन चमचे कोको आणि थोडे थोडे दूध घालून घट्ट लेप करा. केक पूर्ण गार झाल्यावर तो वर पसरा आणि सुकू द्या. ही झाली गेरूची भिंत. दुसऱ्या वाटीत पिठीसाखरेत पाण्याचे थोडेच थेंब घालून इडलीच्या पिठाहून घट्ट कालवा. हा तांदळाचा पांढरा. नवी, धुतलेली बांबूची काडी घ्या. (पोस्टर रंगाचा जुना कुंचला नको, धुतला तरी नको.) दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले की माणूस झाला. हातात हात घालून गोल काढा, मध्ये तारपेवाला. आमच्या घरी कुकरमध्ये केलेल्या केकवर आईने असाच तारपा नाच काढला. आजीने तो कापू देईना, म्हणाली, अगं नाचणाऱ्याचे पाय तुटतील!

आपण समुद्रकाठचे. खाऱ्या दमट हवेत साखर पाणी ओढते आणि रेघा पसरतात. फ्रीजमधून काढलेल्या केकवर दव जमते, त्यानेही पसरतात. पावसाळ्यात नक्षी केक कापायच्या तासभर आधीच काढावी. बिटाचा नि पालकाचा रस उरला तर दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये, भाकरीच्या पिठात घालावा.