बाबा एबी, तू ओ

अगं, कॉलेजात रक्तगट तपासला त्याचं कार्ड तू पुस्तकात दडवून का ठेवलंस, ते आता कळलं मला. बाबांचा गट एबी, तुझा ओ. बारावीच्या जीवशास्त्रातला तक्ता मांडलास आणि उत्तर आलं, असं मूल होऊच शकत नाही. बरं केलंस मला सांगितलंस. पण आईला यातलं एक अक्षर विचारण्याआधी माझं ऐकून घे.

तक्ता तू बरोबर मांडलास. आपल्या पेशीत 46 गुणसूत्रं असतात, बीजपेशी होताना जोड्या सुटतात आणि प्रत्येकीत 23च जातात. म्हणून बाबांकडून तुला ए नाही तर बी मिळालेलंच असणार. पण जनुक मिळालं तरी ते रक्तात दिसेलच असं नाही, आणि ही गोष्ट उजेडात आली ती आपल्याच मुंबईत. 1952 साली केईएमच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये असं रक्त नोंदवलं, जे साध्या तपासणीत ओसारखंच वाटे, पण ओ गटाचं रक्तसुद्धा त्याला चालत नसे. तोच हा बॉम्बे रक्तगट.

त्याचं असं आहे. तांबड्या पेशीवर आधी एच नावाचा घटक तयार होतो. तो म्हणजे खुंटी समज. ए आणि बी तिच्यावरच लटकतात. ओ गटाच्या माणसाकडे नुसती खुंटी असते. ए-बीचं जनुक नवव्या गुणसूत्रावर, एचचं एकोणिसाव्यावर, त्यामुळे दोन्हींचा वारसा वेगवेगळा चालतो. आई आणि बाबा, दोघांकडूनही एचचं निकामी जनुक आलं की खुंटीच तयार होत नाही. मग बाबांचा ए किंवा बी अंगात असूनही कार्डावर ओ येतं. उद्या तुझ्या मुलांत तोच ए किंवा बी पुन्हा दिसू शकतो!

भारतात असं रक्त साधारण 10,000 माणसांत एकाचं. पण आपली आई बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी, हे विसरू नकोस. एकाच पणजोबा-पणजीचा वारसा आपल्याकडे दोन्ही बाजूंनी आलाय. अशा घरात तेच लपलेलं जनुक आईबाबा दोघांकडे असण्याची शक्यता जास्त. त्या दोघांना कधी काही जाणवणारही नाही, कारण एचची एक चांगली प्रत असली की काम भागतं.

आणि कार्डच चुकलेलं असू शकतं, तुझं किंवा बाबांचं जुनं. शिवाय ए आणि बी दोन्ही एकाच गुणसूत्रावर असण्याचा एक विरळा प्रकार आहे, त्यात एबी बापाचं मूल सरळ ओ होऊ शकतं. एवढ्याशा कार्डावरून आईवर संशय घ्यायचा, हे मला अजिबात सहन होत नाही. आपल्या गल्लीत बाईबद्दल बोलायला लोकांना एवढंही पुरतं, म्हणून हे कार्ड मैत्रिणींना दाखवत फिरू नकोस.

शनिवारी आपण जाऊ. गोवंडीहून हार्बरने कुर्ला, तिथून परळ. केईएमच्या आवारातच राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, अशा विरळ्या रक्तगटांवर तिथे काम चालतं. पेशी आणि सीरम दोन्हीकडून तपासा, असं स्पष्ट सांगायचं. नुसत्या पेशी तपासल्या तर बॉम्बे गट ओ म्हणूनच निसटतो, सीरम ओच्या पेशींशी लावलं की गुठळ्या होतात आणि तो सापडतो. हे तुझ्या जिवासाठी हवं गं. बॉम्बे गट असताना अपघातात किंवा बाळंतपणात कुणी ओ समजून रक्त चढवलं, तर ते जिवावर बेतेल. तुला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालेल. तसं निघालं तर विरळ्या रक्तदात्यांच्या यादीत नाव घालू आणि नवं कार्ड कायम जवळ ठेवायचं.

मीही त्याच दिवशी रक्त देणार. तुझा गट बॉम्बे असेल, तर माझाही असण्याची शक्यता चारात एक आहे, आणि तसं निघालं तर गरजेला तुला माझं रक्त चालू शकेल. बाबांना मी विचारते, त्यांनाही नव्याने तपासून घेऊ. आईला एवढंच सांग, ताईबरोबर परळला रक्त तपासायला चाललेय.