कारण फक्त ‘हृदय बंद पडलं’?

प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी वडील गेले. कागदावर ‘हृदय बंद पडून मृत्यू’ एवढंच आहे. डॉक्टर भेट टाळतात. आम्ही काय मागू शकतो?

उत्तर : हृदय शेवटी प्रत्येकाचंच बंद पडतं; ते का पडलं, हे रुग्णालयाने लिहायला हवं. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यात, म्हणजे ‘फॉर्म ४’मध्ये, वर तात्कालिक कारण येतं, समजा सेप्टिक शॉक, आणि खालच्या ओळीत मूळ कारण, समजा आतडं फुटणं. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीनुसार या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावीच लागते. केसपेपरसाठीही लेखी अर्ज करा आणि पोच घ्या; २००२च्या मेडिकल कौन्सिल नियमांत त्यासाठी ७२ तासांची मुदत आहे. केसपेपरमधल्या नर्सिंग नोट्स नीट वाचा. बीपी किती वाजता घसरलं आणि डॉक्टर किती वाजता आले, ते तिथेच सापडतं.

मग मेडिकल सुपरिंटेंडेंटकडे लेखी भेट मागा. डेथ ऑडिट, म्हणजे मृत्यूचा रुग्णालयातला आढावा, झालं का, त्यातून काय निघालं, हे विचारा. माता-मृत्यूच्या सरकारी आढाव्यात घरच्यांचं म्हणणं नोंदवतात. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंत का नाही, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. डॉक्टर बहुधा कोर्टाच्या धास्तीने गप्प बसतात, आणि माझ्या मते त्या गप्प बसण्यानेच माणसं वकील गाठतात. भेटीला दोघंच जा, प्रश्न लिहून न्या.