गल्लीच्या टोकाची जागा कोणाची?

सभासद बंधू-भगिनींनो,

ऊसनोंदीसाठी गावोगाव फिरताना एक गोष्ट नेहमी नजरेस पडते. घरापुढचे अंगण लख्ख. पण गल्लीच्या टोकाला, पाराभोवती, चारीच्या कडेला पिशव्या, गुटख्याच्या पुड्या आणि फुटके डबे. विचारले तर उत्तर ठरलेले : "साहेब, ती जागा काय आमची हाय का?"

जागा कोणाचीही असो, नुकसान आपलेच होते. चारीच्या मोरीत पिशव्या अडकल्या की टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोहोचत नाही. शिळी भाकर पिशवीत बांधून फेकली की जनावर ती पिशवीसकट गिळते. माझ्या घरची गाय अशीच गेली. रवंथ बंद, पोट फुगलेले. डॉक्टरांनी पोट उघडले तेव्हा प्लॅस्टिकचा गोळा निघाला. त्यातली एखादी पिशवी आमच्याच घरची नसेल, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पाण्याची पाळी रात्री दोनला आली तरी आपण बॅटरी घेऊन रानात जातो. तशीच पाळी या जागेची लावावी. जागेभोवतालची सात-आठ घरे मिळून एकेक आठवडा वाटून घ्यावा. ज्याची पाळी, त्या घराने एवढेच करावे :

(१) प्लॅस्टिक व बाटल्या वेगळ्या पोत्यात भरून घंटागाडीत किंवा भंगारात द्याव्यात. जाळू नयेत, धूर विषारी असतो.

(२) शेण, पालापाचोळा, खरकटे यासाठी १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच नाडेप टाकी बांधावी. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. त्यात प्लॅस्टिक गेले तर तेच पुढे उसाच्या सरीत येते.

(३) टायर, करवंट्या, डबे यांत पाणी साठू देऊ नये. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठवडा-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून आठवड्याची पाळी चुकवू नये.

(४) औषधाच्या रिकाम्या बाटल्या तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे. बाटलीला भोक पाडावे, म्हणजे कोणी घरात वापरणार नाही. पोरांना हात लावू देऊ नये.

संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) आधी गाव झाडीत, मग कीर्तन करीत. त्यांच्या नावाने शासनाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि गावागावांत हुरूप आला. पण बक्षीस मिळाले की झाडू कोपऱ्यात, असे होऊ नये.

पहिली पाळी कोणाची, यावर वाद घालू नका. ज्याने हा अंक वाचला, त्याची.

कळावे,
आपला,
ऊस विकास अधिकारी