बालकांस नाण्यांची ओळख व पैशांची बेरीज

शिरूर कासार हें गांव पूर्वीं निजामाच्या राज्यांत होतें. पलीकडील नगर जिल्हा इंग्रजी अमलांत होता. इकडे हाली रुपया चाले, तिकडे कलदार. सात हाली रुपयांस सहा कलदार असा साधारण भाव असे. म्हणून दोन्हीकडील बाजार करणाऱ्या निरक्षर मनुष्यासही तोंडीं हिशेब येणें भाग होतें; ज्यास येत नसे तो नाडला जाई. १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, हाली नाणेंही पुढें बंद पडलें, आणि हिशेब सोपा झाला. आतां तर पुष्कळ देणेंघेणें मोबाईलवरूनच होतें. परंतु त्यामुळें बालकाच्या हातीं नाणें पडत नाहीं, व पैसा मोजण्याची विद्या त्याला आपोआप येत नाहीं. ती आईबापांनीं घरींच शिकवावी.

पहिला धडा, ओळख. एक, दोन, पांच, दहा व वीस रुपयांचीं नाणीं घोंगडीवर मांडावीं व मुलाकडून त्यांवरील अंक वाचून घ्यावे. केवळ आकारावरून ओळखण्याची संवय लावूं नये. २०११ च्या नमुन्याचें दोन रुपयांचें नाणें २५ मिलिमीटर रुंद आहे, पांचांचें मात्र २३. मोठें तें अधिक मोलाचें असें समजणारें मूल येथें हटकून फसतें. दहाच्या नाण्याचे निरनिराळे चौदा नमुने निघाले असून ते सर्व चालतात, असें रिझर्व्ह बँकेनें २०१८ सालीं कळविलें आहे, हेंही त्याला सांगावें.

दुसरा धडा, मोल. एकीकडे रुपयाचीं चार नाणीं व दुसरीकडे पांचांचें एक ठेवून "कोणतें घेशील?" असें विचारावें. लहान मूल बहुधा चार नाणींच उचलतें. त्याला हंसूं नये. प्रत्येक नाण्यापुढें त्याच्या मोलाइतके चिंचोके मांडावे; एका नाण्यांत पांच रुपये कसे राहतात हें मग त्यास डोळ्यांनीं दिसतें.

तिसरा धडा, बेरीज. सर्वांत मोलाचें नाणें आधीं घ्यावें व तेथून पुढें मोजावें: दहा, त्यांत पांच, पंधरा, त्यांत दोन, सतरा.

चौथा धडा, उरलेले पैसे. तेरा रुपयांच्या जिनसेस वीस रुपये दिले, तर वजाबाकी न करितां तेरापासून चढत जावें. दोन दिले, पंधरा झाले. पांच दिले, वीस झाले. म्हणजे सात परत यावयाचे.

इतकें आल्यावर मुलास दुकानांत पाठवावें व आपण दूर उभें राहावें. दुकानदारानें कमी दिल्यास तें नम्रपणें मागून घेईल. आणि चुकून एक रुपया अधिक आला, तर तोही ओळखून परत देईल. हा दुसरा हिशेब ज्या दिवशीं त्याला जमेल, त्या दिवशीं धडा पुरा झाला असें समजावें.