प्लायच्या कपच्या का उडतात?

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी लाकडाचे जॉइंट घासून घासून केले, पण प्लायवूडला कुणी हात लावला नाही. आणि प्रोजेक्टचं मॉडेल मात्र प्लायवरच उभं राहतं! चौघांनी कॉन्ट्री काढून आणलेल्या शीटची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसली, की एक्स्टर्नलची नजर आधी तिथेच जाते.

प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ थर, प्रत्येकाचे धागे शेजारच्या थराला काटकोनात. वरचा थर सगळ्यात पातळ. करवतीचा दात लाकडात शिरताना धाग्यांना मागून आधार असतो. बाहेर पडताना मागे काहीच नसतं, म्हणून धागा कापला जायच्या आधी उचकटतो. पुस्तकात ह्याला टेअर-आउट म्हणतात, पण आपल्या सुतारकाकांचा 'कपच्या' हा शब्द मला जास्त पटतो. वरच्या थराच्या धाग्यांना आडवं कापताना हा त्रास सर्वात जास्त. आठ बाय चारच्या शीटवर धागे बहुतेक वेळा आठ फुटांच्या दिशेने असतात, तेव्हा चार फुटी काप सांभाळून घ्या.

आता प्रश्न एवढाच, की दात बाहेर कुठून पडतो? हातकरवत पुढे ढकलताना कापते, दात खालून निघतात, म्हणून चांगली बाजू वर. हातातली सर्क्युलर सॉ बरोबर उलटी, दात खालून वर येतात, म्हणजे चांगली बाजू खाली. जिगसॉचं साधं ब्लेडसुद्धा वर येताना कापतं. टेबल सॉवर परत चांगली बाजू वर. हे पाठ करू नका, दाताचं तोंड बघा की कळतं.

दोन्ही बाजू दिसणार असतील तर? माझ्या मते सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे कटर. स्टीलची पट्टी धरून दोन्ही बाजूंना रेघेवर दोन-तीनदा कटर फिरवा, वरचा थर पूर्ण तुटला पाहिजे. मग करवत रेघेला चिकटून, पण टाकाऊ भागातच चालवा. खाली भंगार प्लायचा तुकडा क्लॅम्प केला तर धाग्यांना हवा तो आधार मिळतो. मास्किंग टेपनेही थोडा फरक पडतो, पण तो काढताना आतून कडेकडे ओढा. उलटा ओढलात तर धागेच उठतील.

ब्लेड जास्त दातांचं आणि धारदार हवं. गॉगल लावाच. शेवटचे दोन इंच अगदी हळू, आणि सुटणारा तुकडा मित्राला धरायला सांगा, नाहीतर तो स्वतःच्या वजनाने मोडतो आणि कोपरा घेऊन जातो.