सही करण्याआधी तो कागद वाचा

बाबांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा आहे, अँजिओप्लास्टी करावी लागेल, असं कळल्यावर घरात एकच घोष सुरू झाला, "कोल्हापूरला न्या." आतेभाऊ गाडी घेऊन दारातच उभा. आम्हा रत्नागिरीकरांचं हे जुनंच आहे, आजार जरा मोठा वाटला की गाडी आंबा घाटाकडे वळते. आतेभावाच्या माहितीतल्या खासगी रुग्णालयाच्या दारावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची भलीमोठी पाटी होती. रेशन कार्ड, बाबांचं आधार, सगळे रिपोर्ट मी पिशवीत घालून नेले होते. हे मुद्दाम सांगते, कारण "कागद नेले नसतील तुम्ही" असं नंतर मला घरच्याच लोकांनी ऐकवलं.

काउंटरवरची बाई म्हणाली, "योजनेची खाट आज रिकामी नाही. थांबायचं तर तुमच्या जबाबदारीवर थांबा." मग आवाज खाली आणून, "आणि योजनेतून साधा स्टेंट मिळतो. वय झालेलं माणूस आहे, तुम्हीच ठरवा." बाप आत स्ट्रेचरवर असताना कुठला मुलगा "साधाच घाला" म्हणेल? माझ्या भावाने अनामत भरली. आंब्याचे पैसे नुकतेच हातात आले होते, ते गेले. उरलेल्यासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या.

बाबा बरे आहेत. डॉक्टरांच्या हाताबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या गोष्टीची.

योजना असताना आमच्याकडून पैसे का घेतले, हे विचारायला मी पुन्हा तिथे गेले. त्यांनी शांतपणे फाइल उघडली आणि एक छापील कागद समोर ठेवला. योजनेची पूर्ण माहिती मिळाली आहे, तरीही रुग्ण स्वखुशीने लाभ नाकारून स्वखर्चाने उपचार घेत आहे, असा मजकूर. खाली भावाची सही. दाखल करताना संमतीपत्रांचा जो गठ्ठा पुढे सरकवला होता, त्यातलाच हा एक. सही कुठे करायची ते कळावं म्हणून पेन्सिलीने मारलेली फुली अजून दिसत होती. बाईने त्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आम्ही जबरदस्ती केली का?" माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ज्या माणसाला रात्रीच्या वेळी खाट नाही म्हणून घाबरवलं, त्याचीच सही त्याच्या विरुद्ध जपून ठेवली होती.

त्यानंतर मी जे शोधून काढलं ते सांगते. पाटी असली म्हणजे त्या रुग्णालयात सगळेच आजार योजनेत बसतात असं नाही. रुग्णालयाला मान्यता विभागवार मिळते. हाडांसाठी असेल, हृदयासाठी नसेल. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठीच राखलेले आहेत. म्हणून निघण्याआधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल फ्री क्रमांकावर आजाराचं नाव सांगून विचारा. रुग्णालयात पोचल्यावर बिलिंगच्या खिडकीकडे जाऊ नका, आधी आरोग्यमित्र शोधा. तो योजनेचा माणूस असतो. खाट नाही म्हणाले तर तसं लिहून मागा, आणि लिहून देत नसतील तर तिथूनच फोन लावा. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेण्याची सोय योजनेतच आहे.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ही योजना पूर्णपणे कॅशलेस आहे. आधी स्वतः भरायचे आणि मग योजनेकडून परत मागायचे, हा मार्गच नाही.

१ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या रेशन कार्डधारकांना, पांढऱ्या कार्डासकट, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. "आपण काय गरीब आहोत का" म्हणून गप्प बसणाऱ्यांनी हे ऐकावं. घरातल्या प्रत्येकाचं नाव कार्डावर चढलंय का तेही आजच बघा. सून आणि नातवंडं हटकून राहतात.

स्टेंट घालणार असतील तर बिलात त्याची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळा मागा. आमच्या बिलात सगळं 'साहित्य' म्हणून एका ओळीत कोंबलं होतं. केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटसाठी ती २९,६०० रुपये होती, पुढे ती वेळोवेळी बदलत गेली. साध्या-भारी स्टेंटची भीती घालणाऱ्याला हा आकडा माहीत असतो. तुम्हालाही असू द्या.

मेडिक्लेमवाल्यांनी खोलीच्या भाड्याची मर्यादा बघावी. तीन लाखांच्या पॉलिसीत ती एक टक्का असेल तर दिवसाला ३,००० रुपये. तुम्ही सहा हजारांची खोली घेतलीत, तर बऱ्याच कंपन्या डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा खर्च असे खर्चही निम्म्यावर आणतात. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. क्लेम नाकारला तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

आणि कोल्हापूरची गाडी काढण्याआधी आपल्या जिल्हा रुग्णालयात आणि सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालयात एकदा विचारा. हार्ट अटॅकसारखी वेळ असेल तर मात्र कसलीही चौकशी नको, जवळचं गाठा.

नातेवाईकांचे सल्ले ऐका, पण बिल भरायला ते येत नाहीत. आतेभाऊ अजून म्हणतो, "माणूस वाचला ना, मग झालं." वाचला, हे खरंच. पण पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. योजनेच्या जिल्हा समन्वयकांकडे मी लेखी तक्रार दिली आहे. पोच माझ्याकडे आहे, पैसे मिळालेले नाहीत.